केडगाव, नगर, हरेगाव: आईंबरोबर केलेली यात्रा

गेल्या सप्टेंबरात मी आणि सासूबाई केडगाव, नगर आणि हरेगाव असा फेरा करून आलो. माझे यजमान त्याआधीच्या दिवाळीत गेले. किडनीचं दुखणं, डायलिसिस, आणि शेवटी एका पहाटे हृदयच थांबलं. मागे राहिलं औषधोपचारांसाठी काढलेलं कर्ज, बारावीतली मुलगी आणि माझी उडालेली झोप.

आम्ही ख्रिस्ती आहोत. मी प्रोटेस्टंट मंडळीत वाढले, तर सासूबाईंचं माहेर राहुरीकडचं, कॅथलिक. त्यांना मी आई म्हणते. यजमानांच्या आजारपणात आम्ही दोघींनी आपापल्या रीतीने प्रार्थना केल्या, उपास केले. मातीनंतर भेटायला आलेल्यांपैकी एक गृहस्थ सांत्वन करता करता बोलून गेले, "विश्वास कुठेतरी कमी पडला असेल." ते शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हते. आईंनी तर तेव्हापासून जपमाळ कपाटात ठेवून दिली होती. म्हणून ऑगस्टमध्ये त्या आपणहून म्हणाल्या, "हरेगावला मतमाउलीच्या, मारियामातेच्या यात्रेला नेशील का?" तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच रजेचा अर्ज दिला. वाटेत केडगाव आणि नगर करावं, ही माझी भर.

पहिला दिवस: केडगाव

पुण्याहून सकाळची दौंडकडे जाणारी पॅसेंजर घेतली. उरुळीपर्यंत गर्दी, पुढे बसायला जागा मिळाली. बाहेर भुरभुर पाऊस आणि दोन्ही बाजूंना ऊस. केडगाव म्हणजे गुऱ्हाळांचा मुलूख. स्टेशनबाहेर चहा घेतला तो गुळाचाच, आणि तो आईंनी दोनदा मागून घेतला. कितीतरी दिवसांनी त्यांनी काहीतरी मागून घेतलं, म्हणून हे लक्षात राहिलं.

जाणाऱ्यांसाठी: केडगावं दोन आहेत. आपल्याला हवं ते दौंड तालुक्यातलं. दुसरं नगर शहराला लागून आहे. गाडीने जायचं तर सोलापूर महामार्गावर चौफुल्याला वळायचं. पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं इथलं मुक्ती मिशन हे आजही मुलींचं, निराधार बायकांचं राहतं घर आहे, पर्यटनस्थळ नव्हे. आधी फोन करून, परवानगी घेऊनच जावं आणि मुलींचे फोटो काढू नयेत.

आवारात शिरल्यावर पहिली जाणवली ती झाडांची गार सावली, मग कुठल्याशा वर्गातून येणारं पाढ्यांचं म्हणणं. आम्हाला फिरवायला एक मावशी आल्या. सत्तरीच्या असतील, पांढरी साडी, पायात रबरी चपला. लहानपणापासून इथेच वाढलेल्या. त्यांनी इतिहास पाठ केल्यासारखा सांगितला नाही. घरातल्या थोरल्या बाईविषयी सांगावं तसं त्या "रमाबाई अशा, रमाबाई तशा" सांगत होत्या.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण शाळेत समाजसुधारकांच्या यादीत पाठ करतो आणि विसरतो. मलाही तेवढंच ठाऊक होतं. इथे उभं राहून ऐकताना मात्र त्या आयुष्यातली मरणं मी पहिल्यांदा ओळीने मोजली. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी १८७८ साली तिला पंडिता म्हणून गौरवलं. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवराही गेला. वयाची चोविशी पुरी व्हायच्या आत ही बाई तान्ह्या मनोरमेला घेऊन एकटी उरली.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे त्या ख्रिस्ती झाल्या. ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने किंवा रागाने सांगितली जाते. पण पुढचं फारसं कुणी सांगत नाही. मावशींनी ते सांगितलं. रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं त्यांच्या मनाला शांती नव्हती. धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. त्या आठ वर्षांत त्यांनी अमेरिकाभर व्याख्यानं दिली, ग्रंथ लिहिला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. एवढं काम करणारी बाई आतून अस्वस्थ होती आणि तिने ते लपवलं नाही. चर्चमध्ये दर रविवारी हसऱ्या चेहऱ्याने "प्रभूची कृपा, सगळं बरं आहे" म्हणणाऱ्या मला ते ऐकून केवढा दिलासा मिळाला!

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली, बाया गोळा करून आणल्या आणि इथल्या माळरानावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास इथे दोन हजारांच्या आसपास मुलीबाळी राहत होत्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. आंधळ्या मुलींसाठी वेगळं सदन होतं.

मग आम्ही समाध्यांपाशी गेलो. पाऊस थांबला होता, दगड ओले होते. मावशी म्हणाल्या, "मनोरमाबाई आधी गेल्या. १९२१ च्या जुलैमध्ये. आईच्या हाताखाली तयार झालेली, सगळं काम पुढे तीच बघणार होती. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. पण मधल्या महिन्यांत बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही त्यांनी." मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं हे संपूर्ण मराठी बायबल त्यांच्या पश्चात १९२४ साली बाहेर पडलं.

आई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "पोरगी गेल्यावर काय म्हणाल्या त्या देवाला?"

मावशी जरा थांबल्या. "ते मला नाही ठाऊक, ताई. पण काम करत राहिल्या. आमच्या इथल्या म्हाताऱ्या बायका सांगायच्या, प्रार्थनेला बसायच्या तशाच बसायच्या."

आई तिथेच कट्ट्यावर बसल्या. मीही बसले. मला एवढंच कळत होतं, की आईबाप, बहीण, भाऊ, नवरा आणि शेवटी एकुलती एक लेक गमावलेल्या या बाईला "विश्वास कमी पडला" असं म्हणायची कुणाचीही छाती होणार नाही. मग ते मला का म्हणावं? माझ्या नवऱ्याला का म्हणावं? तो तर डायलिसिसच्या खुर्चीतही शेजारच्या खुर्चीवरच्या माणसासाठी प्रार्थना करायचा.

दुपारी तिथेच साधं जेवण मिळालं: भात, आमटी, भोपळ्याची भाजी. दौंडला येऊन संध्याकाळच्या गाडीने नगर गाठलं.

दुसरा दिवस: नगर

शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आतेबहिणीच्या घरात सगळे नगरच म्हणतात, तर मीही तेच लिहिते. मराठी प्रोटेस्टंटांना नगर म्हणजे आजोळ. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ साली आलं. ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ साली इथूनच सुरू झालं. सिंथिया फॅरार बाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या आणि शिक्षिका होण्याचे धडे घ्यायला सावित्रीबाई फुले त्यांच्याचकडे आल्या होत्या.

सकाळी ह्यूम मेमोरियल चर्च पाहिलं. शुक्रवार असल्याने आत कुणी नव्हतं. बाकांना नुकतं तेलपाणी केल्याचा वास येत होता. आतेबहीण टिळकांच्या गोष्टी सांगत होती. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तोही घरच्यांना न सांगता. आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने दिलेल्या नव्या करारापासून, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागापासून, त्यांची वाट सुरू झाली होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई उघड्यावर पडल्या. लहान मूल, माहेरच्या आधाराने दिवस काढणं, लोकांचे बोल. पुन्हा नवऱ्याबरोबर राहायला लागल्या तरी त्यांनी धर्म बदलला नव्हता. स्वतःचं मन वळेपर्यंत थांबल्या आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई नेहमीच मोठ्या वाटत आल्या आहेत. कुणी सांगितलं म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत आणि कुणी सांगितलं म्हणून विश्वासही ठेवला नाही.

दुपारच्या जेवणाला हुलग्याचे शेंगोळे होते. पावसाळी हवा, लसणाचा ठसका, वर कच्चं तेल. आई म्हणाल्या, "त्याला लई आवडायचे." घरात त्याचा विषय निघाला की आम्ही दोघी उठून दुसऱ्या खोलीत जायचो, त्या दिवशी बसून राहिलो. आतेबहिणीने आणखी वाढलं.

संध्याकाळी तिच्या घरी प्रार्थनासभा होती. पंधरावीस माणसं, सतरंजी, पेटी, तबला, दोन टाळ. आमच्याकडची उपासना ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना नवल वाटतं, पण टिळकांपासून आमची भजनं अभंगाच्या चालीवरच आहेत. ख्रिस्ताला गुरू म्हणणारी, माउली म्हणणारी. आई कॅथलिक, तरी त्यांना निम्मी पाठ. दुसऱ्या भजनाला त्यांनी टाळ मागून घेतला.

सभेनंतर एका निवृत्त परिचारिकेशी बोलणं झालं. सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात केलेल्या. मी त्यांना मन मोकळं करून सांगितलं, त्या गृहस्थांचं बोलणंसुद्धा. त्या रागावल्याच. म्हणाल्या, "असं बोलणाऱ्यांनी बायबलातला गेथशेमाने बागेतला प्रसंग वाचलेला नसतो. प्रभूने रक्ताच्या थेंबांसारखा घाम गाळून मागितलं होतं, हा प्याला टळू दे म्हणून. टळला का? मग त्याचा विश्वास कमी पडला म्हणायचं?"

नंतर त्यांनी पिशवीतून चष्मा काढला आणि बायबलमधलं ८८वं स्तोत्र उघडून माझ्या हातात दिलं. "हे वाच. स्तोत्रांत रडगाणी पुष्कळ आहेत, बहुतेकांच्या शेवटी तरी उजेड येतो. ह्याच्यात शेवटपर्यंत अंधारच आहे. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. का ठेवलंय? तुझ्यासारखीने वाचावं म्हणून."

मी वाचलं. लहानपणापासून २३वं स्तोत्र पाठ असलेल्या माझ्या नजरेतून हे ८८वं कसं सुटलं होतं कोण जाणे. त्यातला माणूस रात्रंदिवस देवाला हाक मारतो, तू माझं तोंड का चुकवतोस म्हणून विचारतो, सगळे जिवलग दूर गेले म्हणून सांगतो, आणि ते स्तोत्र तिथेच संपतं. त्याला उत्तर मिळत नाही. पण हाक मारलेली आहे ती देवालाच. त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी प्रार्थना केली. तीही चांगल्या शब्दांत नव्हे. भांडले म्हटलं तरी चालेल. बाराच्या आत झोप लागली.

ही शांती कुठून आली ते मला मांडून दाखवता येणार नाही. कर्ज तेवढंच होतं, नवरा परत येणार नव्हता. फक्त देवासमोर बरं असल्याचं सोंग करायची गरज उरली नाही, आणि त्याने केवढं ओझं उतरलं! "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो" हे मत्तयच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायातलं येशूचं बोलावणं मी शेकडो वेळा ऐकलं होतं. तिथे विसावा देऊ केला आहे तो कष्टी माणसांना, कष्ट संपल्यावर यायला सांगितलेलं नाही.

तिसरा दिवस: हरेगाव

नगरहून राहुरीमार्गे श्रीरामपूर, एसटीने दीड-दोन तास. राहुरीच्या पुढे आई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या: "हे बघ, इथून आम्ही बैलगाडीनं निघायचो. म्हातारी गाडीत, पोरं मागून पायी." त्यांच्या लहानपणी भागात फादर मोटारसायकलवरून गावोगाव फिरायचे, शाळा बघायचे, दुष्काळात विहिरीची कामं काढायचे. या भागात कॅथलिक मिशन उभं केलं ते जेझुइट फादरांनी, दलित वस्त्यांमधून, आणि नगर जिल्ह्यातल्या कित्येक घरांची पहिली शिकलेली पिढी त्या शाळांतून निघाली.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी: श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव बेलापूर आहे, नवी मुंबईच्या बेलापूरशी गल्लत करू नका. यात्रा सप्टेंबरमध्ये असते, ८ सप्टेंबरच्या मारियामातेच्या जन्मदिनाच्या आसपासच्या शनिवार-रविवारी. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना चालते. त्या वर्षीची तारीख आधी विचारून घ्या. यात्रेत श्रीरामपूरहून जादा गाड्या सुटतात. छत्री नको, रेनकोट घ्या. गर्दीत छत्री उघडताच येत नाही.

श्रीरामपुरात लॉजवर आगाऊ पैसे भरून खोली सांगितली होती. पोहोचलो तर ती दुसऱ्याला देऊन मोकळे! यात्रेच्या दिवशी दुसरी खोली मिळणं शक्यच नव्हतं. आई म्हणाल्या, "यात्रेला कोण लॉजवर राहतं? चल." आणि आम्ही सामानासकट हरेगावला निघालो.

संत तेरेजा चर्चकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलला होता. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, बीड, मुंबई, कुठून कुठून ट्रक, टेम्पो भरून माणसं. कुणी पायी आलेलं, पायांना चिंध्या बांधलेल्या. दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, जपमाळा, गोडीशेव, रेवड्या, पाळणे, बांगड्या. मेणबत्त्या विकणारी बाई ख्रिस्ती नव्हती. तिने सांगितलं, "माझ्या पोराला ताप भरला व्हता, माउलीला बोलले, तवापासून एक वर्ष चुकवलं नाही." जिल्ह्यातली सगळ्या जातीधर्मांची माणसं या यात्रेला येतात.

मी प्रोटेस्टंट. मारियेजवळ मागणं मागायची मला सवय नाही आणि यात्रेहून आल्यावरही ती लागलेली नाही. पण त्या रांगेत उभी राहून मी जे पाहिलं त्याला नावं ठेवायची माझी हिंमत होणार नाही. माझ्या पुढे एक तरुण जोडपं होतं, बायकोच्या हातात बाळाचं रिकामं झबलं. मागे एक म्हातारा पुटपुटत होता, "नमो मारिया, कृपापूर्णे", आणि प्रत्येक वेळी "आमच्या मरणाच्या वेळी" या शब्दांपाशी त्याचा आवाज बारीक व्हायचा.

आमचा नंबर आला. आईंनी पदराच्या गाठीतून जपमाळ काढली. कपाटातून ती कधी घेतली मला कळलंही नव्हतं. मेणबत्ती पेटवली, वाऱ्याने विझली, शेजारच्या मुलाच्या मेणबत्तीवरून पुन्हा पेटवून घेतली. मेण बोटांवर ओघळत होतं, त्यांनी हात हलवला नाही. मूर्तीकडे बघत त्या मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "तुला ठावं हाय. तूबी पोराला मांडीवर घेतलंस."

मग त्या रडल्या. मुलाच्या मातीलाही त्या रडल्या नव्हत्या. रांगेतल्या कुणी घाई केली नाही. एक अनोळखी बाई पुढे आली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी तिचे आभार मानेपर्यंत ती गर्दीत गेलीसुद्धा.

रात्री मांडवात नेवाशाकडच्या एका कुटुंबाने त्यांच्या ताडपत्रीवर आम्हाला जागा दिली. घरून आणलेल्या बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, ठेचा. त्यांचा कांदा चाळीत सडला होता, मुलीचं लग्न पुढे ढकललं होतं. कारभारी सगळं शांतपणे सांगत होते. मी विचारलं, एवढं होऊन राग येत नाही? ते म्हणाले, "येतो की. त्योच घेऊन हितं आलोय. कुटं न्यायचा दुसरीकडं?" बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, लाउडस्पीकरवर भक्तिगीतं चालू होती, लहान पोरं अंगावरून उड्या मारत होती. आई त्या कुटुंबातल्या नातवंडांना मधे घेऊन गाढ झोपल्या.

चौथा दिवस: परत

सकाळी मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना झाली. आईंनी कम्युनियन, म्हणजे त्यातला भाकरीचा प्रसाद घेतला, कितीतरी दिवसांनी. चिखल एवढा, की माझी एक चप्पल तिथेच राहिली. बाजारातून दुसरी घेतली. वयस्कर माणसं बरोबर असतील तर बुटांना पर्याय नाही. शौचालयाची सोय आहे पण रांग मोठी असते, पहाटे लवकर उरकावं. पाण्याच्या बाटल्या घरूनच न्याव्या. आणि रविवारी दुपारनंतर परतीच्या गाड्यांना लोंबकळायलाही जागा नसते, म्हणून मिस्सेनंतर लगेच निघालेलं बरं.

गाडीत आई सारखं त्याच्याबद्दल बोलत होत्या. तो लहानपणी मतमाउलीच्या यात्रेत हरवला होता, पाळण्याखाली बसून गोडीशेव खात सापडला. कॉलेजला असताना भावाच्या सायकलचा अपघात केला आणि महिनाभर खरं सांगितलं नाही. मी त्याच्या शेवटच्या दिवसांतल्या काही गोष्टी सांगितल्या, ज्या त्यांना माहीत नव्हत्या. नगर येईपर्यंत आम्ही दोघी रडलो, हसलो. समोरच्या सीटवरची बाई आम्हाला शेंगा देत राहिली.

आता घरी काय आहे ते सांगते. हप्ते चालू आहेत. मी बँकेत जाऊन मुदत वाढवून घेतली. हे आधीही करता आलं असतं, पण त्या कागदांना हात लावायचं बळ नव्हतं. झोप बहुतेक रात्री लागते, लागत नाही तेव्हा ८८वं स्तोत्र वाचते, मग २३वं. ते गृहस्थ चर्चमध्ये भेटले, तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या त्या बोलण्याने आम्हाला फार लागलं होतं, दुसऱ्या कुणाला असं म्हणू नका. त्यांनी ऐकून घेतलं. आई रविवारी मिस्सेला जातात आणि संध्याकाळी माझ्याबरोबर आमच्या उपासनेलाही येतात, टाळ घेऊन. परवा विचारत होत्या, वसईकडची चर्चं कधी दाखवणार. मुलीची परीक्षा झाली की मे महिन्यात जाऊ, असं ठरवलं आहे.